मरळीला पाणी किती लागतं

बाजारात माझ्याकडे दोन तऱ्हेची गिऱ्हाईकं येतात. एक नाक धरून येतं, दुसरं नाक पुढं करून येतं. पहिल्याला मासा हवा असतो, पण मासेवालीजवळ उभं राहायचं नसतं. लांबूनच बोट दाखवतो, "तो द्या, साफ करून द्या, काटा नको," म्हणतो आणि पाठ फिरवून मोबाइल बघत बसतो. मी काय दिलं हे त्याला घरी गेल्यावर बायको सांगते. दुसरा मात्र वाकतो, कल्ला उचलून आतला लाल रंग बघतो, डोळा बघतो, पोट दाबतो आणि "हा कालचा हाय मावशी," असं तोंडावर सांगतो. मला दुसरा आवडतो. भांडण होतं त्याच्याशी, पण बरोबरीचं होतं.

तिसरंही एक गिऱ्हाईक आहे, पण ते एकटंच. गळ्यात माळ असलेले एक आबा. बाजाराला आले की माझ्यासमोरून एकदा जातात, एकदा येतात आणि मग खाकरतात. "पाव्हणं आल्यात घरी," म्हणतात. एवढी वर्षं झाली, आबांचे पाहुणे काही हटायला तयार नाहीत. मी काळी पिशवी आधीच काढून ठेवते.

या अंकाच्या संपादक बाई माझ्या दुसऱ्या तऱ्हेच्या गिऱ्हाईक. चिलापी घेता घेता म्हणाल्या, "तुमच्या धंद्याचं लिहा की." मी म्हटलं, माझं लिहिणं सातवीपर्यंतचं, आणि धंदा काय, बसायचं, कापायचं, तोलायचं. त्या म्हणाल्या, तेच लिहा. आता लिहायला बसले तर बसणं, कापणं, तोलणं राहिलं बाजूला आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा पुढं येते आहे. ती सांगून टाकते.

आम्ही भोई. माझं माहेर दौंडच्या बाजूला भीमेच्या काठी आणि सासर शिरूरकडं घोड नदीच्या काठी, इनामगावच्या अलीकडं. घोड नदी खाली जाऊन भीमेला मिळते. म्हणजे नदी गेली खाली आणि मी आले वर. सासूबाई चिडवायच्या, "उलट्या पाण्याची सून हाय आमची." इनामगावात उकरताना फार जुन्या माणसांची घरं सापडली आणि त्यात माशाचे काटेही निघाले असं म्हणतात. म्हणजे आमच्या आधीही कुणीतरी बाई इथं बसून खवलं काढत असणार. तिची गिऱ्हाईकं कशी होती कोण जाणे.

आमच्या घरात धंद्याची एक वाटणी होती. काठापर्यंत पुरुषांचं, काठापासून बायकांचं. जाळं विणणं, टाकणं, ओढणं, कुठल्या दिवसात कुठं मासा बसतो ते ओळखणं हे पुरुषांचं काम. मासा काठावर आला की तो आमचा. निवडायचा, वाहायचा, जिवंत ठेवायचा, विकायचा. पुरुष बाजारात बसत नसत. बाजारात बसणारा भोई म्हणजे हात गेलेला भोई, असं समजत. आणि बाई जाळ्याला हात लावत नसे. कुणी भांडून केलेली वाटणी नव्हती, चालत आली होती. त्यामुळं नदीतलं मला कळत नव्हतं आणि बाजारातलं त्यांना. दोन्हीकडचं मिळून एक शहाणपण होत होतं, पण ते एका डोक्यात कधी आलं नाही.

माझे मालक धाकटे. त्यांनी लवकरच नदी सोडली आणि रांजणगावला कंपनीच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून लागले. नदीवर राहिले ते माझे थोरले दीर. त्यांना सगळे आप्पा म्हणतात, मीही लिहिताना आप्पाच म्हणते. बोलताना मात्र मी त्यांना काहीच म्हणत नसे, कारण बोलतच नसे. थोरल्या दिरासमोर डोक्यावर पदर घ्यायचा आणि तोंड बंद ठेवायचं, अशी रीत. त्यांना मला काही सांगायचं असलं तर ते भिंतीला सांगत. "आज वाम घावलीय, लवकर जावं म्हणावं बाजारात," असं भिंतीकडं बघून म्हणत, आणि मी पाटी उचलत असे. मला काही सांगायचं असलं की मी मालकांना सांगे, नाहीतर भांडी जरा जोरात आपटे. एवढ्यावर आमचा संसार आणि धंदा नीट चालला होता.

आता मरळीबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मरळ लांबट, काळपट, सापासारख्या डोक्याची. तिला एकच मोठा काटा, म्हणून चव आणि मान दोन्ही जास्त. ऑपरेशन झालेल्याला, बाळंतिणीला मरळीचा रस्सा देतात. जखम लवकर भरते म्हणतात. ही मरळ नुसत्या पाण्यावर जगत नाही. तिला मधून मधून वर येऊन तोंडानं हवा घ्यावी लागते. म्हणून ओल्या गोणपाटात गुंडाळली तरी ती बराच वेळ जगते. बाजारात मी तिला पसरट पाटीत ठेवते, बोटभर पाणी आणि वरून ओलं फडकं. तोंड हवेत राहिलं पाहिजे. येणारं जाणारं माणूस हळहळतं. "अगं बाई, किती दुष्ट तू! पाणी घाल की थोडं." मी हसते. पाणी घातलं की तिला वर यायला धडपडावं लागतं आणि ती थकते, हे मला सासूबाईंनी पहिल्याच महिन्यात दाखवलं होतं.

आमच्या गावाखाली नदीला एक डोह होता. वरच्या अंगाला खडक आणि खडकात पाण्याखाली कपार. त्या कपारीत मरळीची जोडी असायची. पावसाळ्यात ती पिलं घालायची. मरळीची पिलं लालभडक असतात. पाण्यावर परातीएवढा लाल डाग हलताना दिसतो आणि त्याच्या खाली आईबाप दोघं फिरत असतात. त्या डागात काहीही टाका, बेडूक टाका, गळ टाका, मरळ त्यावर तुटून पडते. पोरांच्या आड येणाऱ्याला ती सोडत नाही. त्यामुळं तेव्हा तिला धरणं अगदी सोपं. नवशिका माणूसही धरतो.

आणि आप्पा तेव्हाच तिला धरत नसत. पिलावळ आहे तोवर डोहात जाळं नाही, गळ नाही. दुसऱ्या कुणी टाकला तर आप्पा काठावर जाऊन बसत. बोलत काही नसत, नुसते बसत. समोरचा माणूस थोड्या वेळानं गळ गुंडाळून जाई.

एकदा या रीतीपायी माझा चांगलाच जीव खालीवर झाला. रांजणगावच्या कंपनीत काम करणारा एक बंगाली मुलगा बाजारात आला. नुकताच बाप झालेला. डोळे तांबारलेले. "मौसी, शोल मिलेगा? ज़िंदा. वाइफ का ऑपरेशन हुआ है." हातानं लांबी दाखवली, डोकं दाखवलं, तेव्हा कळलं मरळ मागतोय. त्याच्या आईनं फोनवर सांगितलं होतं म्हणे, शोल दे, दुसरं काही देऊ नको. मी त्याला दुसऱ्या दिवशी ये म्हटलं. घरी येऊन मालकांना सांगितलं आणि भांडीही आपटली, कारण डोहावर लाल डाग आहे हे साऱ्या गावाला माहीत होतं.

आप्पा सकाळीच उठून गेले. डोहाकडं नाही, पार खालच्या बंधाऱ्याकडं. उन्हं डोक्यावर आली तरी पत्ता नाही. मी पाटी भरून उंबऱ्यात बसलेली, तिकडं तो मुलगा बाजारात उभा असणार. शेवटी आले ते चिखलानं भरलेले, गोणपाटात एक लहानशी मरळ. मालक वैतागले. "आप्पा, हितं घरामागं व्हती की. बाळंतीण बाईचं काम व्हतं, देवानं माफ केलं असतं."

आप्पा पाय धूत भिंतीकडं बघून म्हणाले, "ती पोरांवरनं उठत न्हाई म्हणून घावती. पळत्या माशाला धरावं. बसल्याला धरण्यात कसली आली भोयाची जात?"

मी रागानंच निघाले. मुलगा उभा होता. लहान मरळ बघूनही त्यानं हात जोडले. मला मात्र वाटेत राग उतरून आप्पांचा अभिमान वाटू लागला होता. तसं कुणाला बोलले नाही. बोलायला भिंतच होती.

मग नदी बदलली. कशी, ते पुणे जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला मी काय सांगावं. वाळू गेली तशी नदीची चाळण होऊन गेली. वाळूत मुरून राहणारं पाणी मुरेनासं झालं. काठावर पाणी उपसायच्या मोटारी ओळीनं बसल्या. वरून कधी निळसर, कधी फेसाळ पाणी येऊ लागलं आणि कुठून आलं विचारलं तर प्रत्येकजण वरच्या गावाकडं बोट दाखवी. वाम दिसेनाशी झाली, शिंगटा गेला. राहिली चिलापी. ती गटारातही वाढते. मी आता तीच विकते, तोंड वर करून "ताजी हाय" म्हणते, आणि ती असतेही ताजी. पण माहेरी भीमेतल्या माशाचा वास ओळखणाऱ्या बापाची मी लेक. मला माझीच लाज वाटते कधी कधी.

त्या सगळ्यात डोह तेवढा टिकला होता. एका उन्हाळ्यात तोही आटत आटत कपारीपुरता उरला. हिरवं, जाड पाणी. एरवी आप्पांनी काळजी केली नसती. मरळ चिखलात तोंड खुपसून उन्हाळा काढते, पाऊस पडला की उठते, हे त्यांना ठाऊक होतं. पण त्या वर्षी डोहातला गाळ काढून शेतात टाकायचं ठरलं. मशीन येणार होतं. गाळ शेताला चांगला, त्यात कुणाचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण मशीनच्या दातात चिखल आला की चिखलातली मरळही येणार. आप्पा गावात दोघातिघांशी बोलले. ते म्हणाले, "आप्पा, दोन माशांसाठी काय मशीन थांबवायचं व्हय? काढा आन् रस्सा करा. आमालाबी बोलवा."

आप्पांनी मग आपल्यापुरतं ठरवलं. जोडी काढायची आणि धरणाच्या फुगवट्यात नेऊन सोडायची. तिथं खोल पाणी बारा महिने असतं. मालकांना त्यांनी सुट्टी घ्यायला लावली, ओळखीतला टेम्पो आणायला लावला. मालक मला म्हणाले, "आप्पाला मी पोरीच्या लग्नातबी येवढा घाईत बघितला न्हाई."

तो आमच्या बाजाराचा दिवस होता. मी सकाळीच पाटी घेऊन निघाले. पुढचं सगळं मला मालकांनी सांगितलं, आणि एकदाच सांगितलं. पुन्हा विचारायचं धाडस मला झालं नाही.

आप्पा स्वतः उतरले. जाळं नाही, काही नाही, चिखलात हात घालून चाचपत त्यांनी आधी एक आणि मग दुसरी बाहेर काढली. अंगावरचा बुळबुळीतपणा पुसला जाऊ नये म्हणून ओल्या तळव्यांवर अलगद घेतली. मालकांनी सवयीनं गोणपाट पुढं केलं. आप्पा चिडले.

"गोणपाटात बाजारचा मासा जातो. ही बाजारची न्हाई. ड्रम आण."

आमच्या मच्छीमार सोसायटीचं बी आणायला आप्पाच जात. बी म्हणजे रोहू-कटल्याची बोटाएवढी पिलं, बोटुकली म्हणतात त्यांना. जवळच्या जवळ न्यायची असली की ड्रममध्ये नेत आणि ड्रम काठोकाठ भरत. अर्धा ठेवला तर गाडीच्या धक्क्यानं पाणी हिंदकळतं, मासा भिंतीवर आपटतो आणि मुका मार लागून मरतो. आप्पांनी नेलेल्या ड्रममध्ये मेलेलं पिलू क्वचित निघे, असं सोसायटीतले लोक सांगत. जिवंत सोडायचा मासा असाच न्यायचा असतो, हे त्यांच्या हातात बसलं होतं.

तोच ड्रम त्यांनी सकाळीच स्वच्छ घासून ठेवला होता. त्यात डोहाचंच पाणी भरलं. तिच्या ओळखीचं पाणी, परकं वाटायला नको म्हणून. काठोकाठ भरलं. मरळ उडी मारते म्हणून वर जाळी, जाळीवर ओलं फडकं, फडक्यावर घट्ट झाकण. झाकण आणि पाणी यांच्यात बोटभरही जागा सोडली नाही.

मरळ वर येऊन हवा घेते हे आप्पांना माहीत नव्हतं का? माझ्यापेक्षा शंभरपट माहीत होतं. ती दम घ्यायला कुठं वर येणार हे बघूनच तर त्यांनी जन्मभर मरळी धरल्या. पण ते नदीतलं जाणणं. भांड्यातली मरळ त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. काठावर आली की ती माझी होत असे.

टेम्पो निघाला. मालक पुढं, आप्पा मागं ड्रमला हात लावून उभे. रस्ता खड्ड्यांचा. थोडं गेल्यावर ड्रममधून आवाज येऊ लागला, झाकणावर आतून धडक दिल्यासारखा. आप्पांनी मागून मालकांना हाक मारली. "ऐकतूस का रं? काय जोर हाय बघ अजून! धरणात चांगली पिलावळ घालंल ही." मालक म्हणतात, त्यांचा आवाज असा होता की बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता. धडका बसत राहिल्या आणि आप्पा हसत राहिले. झाकणावर थाप मारून म्हणत होते, "व्हय, व्हय. आलंच आता पाणी." मग धडका थांबल्या. आप्पा म्हणाले, "निवली."

फुगवट्याच्या काठावर दोघांनी ड्रम उतरवला. आप्पांनी चप्पल काढली, पाण्याला हात लावून नमस्कार केला आणि झाकण उघडून फडकं सारलं. जाळीला खालून दोन्ही मरळींची तोंडं चिकटलेली होती. उघडी.

आप्पांनी त्या बाहेर काढल्या, पाण्यात धरून पुढंमागं हलवल्या, गुंगलेल्या माशाला हलवतात तशा. बराच वेळ हलवत राहिले. शेवटी मालकांनी खांद्यावर हात ठेवला तेव्हा म्हणाले, "पाण्यात बुडाली रं. मासा आन् पाण्यात बुडाला."

बाजारचा मासा म्हणून गोणपाटात गुंडाळून नेल्या असत्या तर दोन्ही जगल्या असत्या. मी हे मालकांना म्हटलं नाही. आप्पांना तर म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. पण मला फार लागलं ते. त्या दिवशी सकाळी मी घरातून निघताना आप्पा अंगणात ड्रम घासत बसले होते. मी पाटी घेऊन त्यांच्या शेजारून गेले. कशाला घासताय असं विचारायची रीत नव्हती, आणि मरळ कशी ठेवतीस असं त्यांनी मला विचारायची रीत नव्हती. पदराच्या अलीकडं एक शहाणपण होतं, पलीकडं एक होतं. मध्ये दोन जीव गेले. रीती मोडाव्यात असं मला तोवर कधी वाटलं नव्हतं, त्या दिवशी वाटलं. आमच्या डोहातल्या शेवटच्या मरळी त्या. त्यानंतर लाल डाग मी पाहिला नाही.

त्या संध्याकाळी मी बाजारातून आवरायला लागले होते, तर समोर आप्पा. त्यांना बाजारात बघून मी आधी घाबरलेच, घरी काही झालं वाटलं. मालक टेम्पोजवळ लांब उभे. आप्पा माझ्या पाट्यांसमोर येऊन उकिडवे बसले. कोपऱ्यातल्या पाटीत दौंडकडच्या शेततळ्यातली एक मरळ उरली होती. फडकं बाजूला सारून ते तिच्याकडं बघत राहिले. ती मध्येच तोंड उघडून हवा घेत होती. मी पदर पुढं ओढला. आसपास भिंत नव्हती. त्यांनी मान वर केली आणि सरळ माझ्याकडं बघून विचारलं, "किती पाणी घालतीस?"

मी बोट आडवं धरून दाखवलं.

"येवढंच?"

"व्हय आप्पा," मी म्हटलं. आमच्यातलं ते पहिलं बोलणं.

गाळ निघाला, शेतं काळी झाली, पाऊसही बरा झाला. डोहात पाणी आलं, पण आप्पा नदीवर गेले नाहीत. जाळं त्यांनी सोसायटीत देऊन टाकलं. काही दिवस नुसते ओट्यावर बसून असत. मग एका बाजारी मी निघाले तर चप्पल घालून मागं आले आणि पाटी त्यांनी उचलली. गावातले म्हणाले, आप्पाचा हात गेला. जुन्या हिशेबानं खरंच होतं ते.

आता आप्पा दर बाजारी माझ्या शेजारी बसतात. विकत काही नाहीत, भाव त्यांना सांगता येत नाही, आणि माळवाल्या आबांना तर त्यांनी "कोण पाव्हणं?" असं एकदा मोठ्यानं विचारून ठेवलंय. त्यांचं काम एकच, मरळीची पाटी. कधी असते, कधी नसते. असली की कुणीतरी हमखास थांबतं. परवा एक बाई थांबली, हातातली पाण्याची बाटली उघडतच म्हणाली, "आजोबा, कसं तळमळतंय ते! भरून तरी द्या पाणी."

आप्पांनी पाटीवर हात आडवा धरला. "नगं ताई. भरून दिलं की मरती ती." मग माझ्याकडं वळले आणि दर वेळी विचारतात तसं विचारलं, "व्हय ना गं?"

मी हातातली चिलापी खाली ठेवली, पदराला हात लावला नाही, आणि दर वेळी म्हणते तसं म्हटलं, "व्हय आप्पा."